परक्या द्रव्यांचा देहप्रवास

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके मागे पडली की भिलाई येते. रात्रीची गाडी असेल तर स्थानक येण्यापूर्वीच आकाशाच्या कडेला एक तांबूस झळाळी दिसते, आणि डब्यातला एखादा जाणता प्रवासी शेजाऱ्याला सांगतो, 'कारखाना आला'. ह्या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूरच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर राज्यांची फेररचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले होते. पुढे २००० साली छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि भिलाई त्यात गेली. सीमा अशा सरकत राहिल्या. पण विदर्भातून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली मराठी कुटुंबे तिथेच रुजली आणि आता त्यांची तिसरी-चौथी पिढी तिथे नांदते आहे.

मला आज पोलादाविषयी बोलायचे नाही. पोलादाच्या पोटी जी द्रव्ये जन्माला येतात आणि माणसाच्या देहात न बोलावता शिरतात, ती आत कशी जातात, कुठवर पोहोचतात आणि बाहेर कशी पडतात, हे मनुष्याला कसे कळत गेले, त्याची हकिगत सांगायची आहे. ती विलक्षण आहे, आणि पुष्कळशी दुःखद आहे. कारण हे ज्ञान प्रयोगशाळेत जितके मिळाले, तितकेच ते कामकऱ्यांच्या देहांवरून वाचले गेले.

विष अंगात 'भिनते' असे आपण सहज म्हणतो. चरकाने विषाचे जे दहा गुण सांगितले आहेत, त्यांत एक 'व्यवायी' हा आहे. म्हणजे पचण्याची वाट न पाहता आधी सर्व देह व्यापून टाकणारे. आपल्या वैद्यांनी 'दूषीविष' अशी आणखी एक कल्पना केली होती. पूर्णपणे बाहेर न पडलेले, जोर ओसरलेले, तरी वर्षानुवर्षे देहात दबा धरून राहणारे असे ते विष. कल्पना मार्मिक होत्या यात शंका नाही. परंतु भिनते म्हणजे नेमके कोणत्या वाटेने जाते, याचा हात घालून शोध घेतला गेला तो एकोणिसाव्या शतकात.

१८०९ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा माझांदी ह्या तरुण शरीरशास्त्रज्ञाने दलील नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग केला. आजच्या वाचकाला तो क्रूर वाटेल, आणि तो होताच. त्यांनी कुत्र्याचा एक पाय देहापासून इतका तोडला की केवळ एक रोहिणी आणि एक नीला एवढाच दुवा राहिला; आणि त्या रक्तवाहिन्याही मध्येच छाटून त्यांच्या जागी पक्ष्यांच्या पिसांच्या पोकळ नळ्या बसवल्या. मग त्या पायाच्या पंजात जावा बेटातील एक जालीम विष घातले. हे विष ज्या वेलीचे, ती आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या कुळातली. काही मिनिटांतच कुत्र्याच्या सर्वांगाला झटके येऊ लागले. मज्जातंतू तुटलेले, मांस तुटलेले, रसवाहिन्या तुटलेल्या. शिल्लक होते ते फक्त वाहते रक्त. विषाचा प्रवास रक्तातून होतो, हे त्या दिवशी निर्विवाद ठरले.

रक्तातून निघालेले विष पोहोचते कुठे, ह्या प्रश्नाचे उत्तर सोमलाने दिले. सोमल हे खुनी माणसाचे आवडते हत्यार, कारण त्याला ना रंग, ना चव. जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने १८३६ मध्ये सोमलाचा कणही पकडणारी परीक्षा प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधारे ऑर्फिला ह्या पॅरिसच्या वैद्याने थोड्याच वर्षांत दाखवून दिले की पोटात घेतलेले सोमल पोटात थांबत नाही. ते यकृतात, प्लीहेत, मूत्रपिंडात, स्नायूंत जाऊन बसते. तोवर न्यायालये मृताच्या जठरात विष सापडते का एवढेच पाहत असत. १८४० च्या गाजलेल्या लाफार्ज खटल्यात ऑर्फिलाने प्रेताच्या अवयवांतून सोमल काढून दाखवले आणि निकाल फिरला.

हे सारे दूरचे वाटेल, तर भिलाईच्या नैर्ऋत्येकडचे एक उदाहरण घ्या. अंबागढ चौकीच्या परिसरात, आपल्या गडचिरोलीच्या सीमेजवळ, कौडीकसा नावाचे गाव आहे. तिथल्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. इथे कोणी खुनी नव्हता, कारखानाही नव्हता. खडकातलेच आर्सेनिक पाण्यात उतरत होते. प्यायलेले आर्सेनिक आतड्यांतून रक्तात जाते, यकृत त्याला मिथिल गट जोडून त्याचे रूप पालटते आणि बराचसा भाग काही दिवसांत मूत्रावाटे निघून जातो. पण थोडे केसांत आणि नखांत गुंतून राहते, आणि नख वाढते तशी ती नोंद पुढे सरकत जाते. म्हणूनच तपासनीस अशा गावात विहिरीच्या पाण्याबरोबर माणसांची नखेही मागतात. रोज थोडे जाते, रोज थोडे येते. आणि काही वर्षांनी तळहात-तळपाय खरखरीत होतात, अंगावर काळे ठिपके उमटतात. दूषीविष म्हणणाऱ्या वैद्याने हा रोगी पाहिला असता, तर त्याला फारसे आश्चर्य वाटले नसते.

आता कारखान्याच्या आत येऊ.

झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी वरून ओततात आणि खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात. कोक जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड हा वायू होतो, आणि खरे लोखंड मुक्त करणारा तोच. खनिजात लोखंडाला प्राणवायूने जखडलेले असते. तो प्राणवायू हा वायू ओढून घेतो आणि लोखंड वितळून खाली उतरते. काम संपल्यावर भट्टीच्या माथ्यातून जो वायू बाहेर पडतो, त्यात शंभरातले वीस-पंचवीस भाग हाच कार्बन मोनॉक्साइड असतो. तो फेकून देत नाहीत. धुऊन, गाळून, नळांतून नेऊन इंधन म्हणून वापरतात. त्यामुळे पोलादाच्या गावात ह्या वायूचे नळ डोक्यावरून गेलेले असतात. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची चुरचुर नाही, खोकल्याची ढासही नाही.

१२ जून २०१४ च्या संध्याकाळी भिलाईच्या कारखान्यात एका पंपघरातील पाण्याची वाहिनी नादुरुस्त झाली. भट्टीचा वायू धुण्याच्या यंत्रणेला पाणी लागते. पाण्याचा दाब ढळला आणि वायूने जिथे येऊ नये तिथे वाट काढली. सहा माणसे मरण पावली, कितीतरी जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते, हे मुद्दाम सांगतो. अनुभवी, जाणती, त्या वायूचे नाव-गाव ठाऊक असलेली माणसेदेखील ह्या पाहुण्याला ओळखू शकत नाहीत. कारण ज्या इंद्रियांनी ओळखायचे, त्या कशालाही तो शिवत नाही.

त्याची ओळख पटवली ती क्लोद बेर्नार याने. माझांदीचाच हा शिष्य. गुरूपेक्षा मोठा झाला. कार्बन मोनॉक्साइडने मेलेल्या प्राण्यांचे शवविच्छेदन करताना त्याच्या लक्षात आले की त्यांचे सारे रक्त, नीलांमधलेसुद्धा, लालभडक आहे. गुदमरून मेलेल्याचे रक्त काळपट असावयास हवे. मग हे असे का? त्याचे उत्तर त्याने १८५७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले, आणि त्याच वर्षी जर्मनीत होपे-झायलर यानेही स्वतंत्रपणे तेच सांगितले. हा वायू रक्तातील प्राणवायूला हुसकून त्याच्या आसनावर स्वतः बसतो. ते आसन म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्या हिमोग्लोबिनच्या गाभ्याशी लोखंडाचा अणू. प्रौढ माणसाच्या देहात सारे मिळून चार ग्रॅमच्या आसपास लोखंड असते, एखाद्या लहानशा खिळ्याइतके. त्यातले बहुतांश रक्तात. भट्टीत लोखंडाला प्राणवायूपासून सोडवणारा वायू रक्तात शिरला की लोखंडाला प्राणवायूपासून तोडतो. ह्या वायूची हिमोग्लोबिनशी जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे, त्यामुळे हवेत तो अत्यल्प असला तरी रक्तात साठत जातो.

आत शिरला आणि पसरला, हे समजले. बाहेर कसा पडतो? ह्या प्रश्नासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन याने स्वतःचाच देह वापरला. १८९५ मध्ये तो प्रयोगशाळेत बसून हा वायू हुंगत असे आणि ठराविक वेळाने स्वतःचे रक्त काढून तपासत असे. एका प्रयोगात त्याच्या निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिनचा ताबा वायूने घेतला होता. बसून असताना विशेष काही जाणवत नाही, पण उठून चालू लागले की पाय लटपटतात आणि बुद्धी काम देईनाशी होते, असे त्याला आढळले. जे कळायला हवे ते कळण्याची शक्तीच आधी जाते. खाणीतून सुटलेली माणसे पुन्हा आत का शिरत, किंवा चार पावलांवरचे दार का गाठू शकत नसत, त्याचा उलगडा इथे होतो. पुढच्याच वर्षी वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. हॉल्डेनने प्रेते तपासली आणि सांगितले की बहुतेकांना स्फोटाने नव्हे, त्यानंतरच्या वायूने मारले आहे. खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्यावेत, त्यांचा श्वास जलद असल्याने ते माणसाच्या पुष्कळ आधी कोसळतात, ही सूचना त्याचीच. इंग्लंडच्या खाणींत पिवळे कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत नोकरीवर होते. (ह्याच हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी बापाबरोबर खाणीत उतरत असे. तो १९५७ मध्ये भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आपल्याला मुलगा ठाऊक असतो, बाप नसतो.)

तर हॉल्डेनच्या काळापासून उमगत गेले ते असे : हा वायू देहात जळत नाही, त्याचे रूप पालटत नाही, आला तसाच, आल्या वाटेनेच, श्वासातून परत जातो. फक्त त्याला वेळ लागतो. साध्या हवेत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-सव्वा तास. आणि दाबाच्या कोठीत प्राणवायू दिला तर वीस-पंचवीस मिनिटे. बाधिताला मोकळ्यावर आणून प्राणवायू लावण्याची घाई करतात ती ह्यासाठी. तेव्हा एका गोष्टीने फसू नये. करोनाच्या साथीत घरोघरी गेलेला तो बोटाला लावायचा चिमटा इथे खोटे बोलतो. लालभडक रक्त पाहून तो प्राणवायू भरपूर आहे असे सांगतो, आणि रोगी तिकडे उपाशी मरत असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्यांचा आणि वाऱ्याला वाट नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा बंब लावणाऱ्यांचा घात करणारा वायूही हाच.

इतके झाल्यावर कोणाला वाटेल की कार्बन मोनॉक्साइडपासून मानवाला त्रासच झाला. तसे नाही. देहाच्या एका मोठ्या गुपिताची किल्ली त्यानेच दिली.

ते गुपित असे. जी परकी द्रव्ये वायुरूप नाहीत, जी तेलात विरघळतात पण पाण्यात नाही, ती देह बाहेर कशी टाकतो? मूत्र हे पाणी आहे. तेलकट वस्तू त्यात उतरत नाही. देहाला तिचे रूपांतर करावे लागते. रूपांतर होते हे १८४२ पासून ठाऊक होते. जर्मनीत व्योलरच्या प्रयोगशाळेत केलर नावाच्या तरुणाने स्वतः बेंझोइक आम्ल खाल्ले आणि त्याच्या मूत्रात ते न सापडता हिप्युरिक आम्ल सापडले. वाटेत कोणीतरी त्याला नवे शेपूट जोडले होते. हे 'कोणीतरी' कोण, याचा पत्ता शंभर वर्षे लागला नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लिंगेनबर्ग आणि गारफिंकेल या दोघा संशोधकांनी यकृताच्या पेशींच्या चूर्णातून कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे सोडले, तेव्हा प्रकाशाच्या एका विवक्षित लहरीवर, ४५० नॅनोमीटरवर, एक अपरिचित पट्टा उमटला. जपानमध्ये ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये त्या द्रव्याला त्या आकड्यावरूनच नाव दिले : पी-४५०. त्याच्याही गाभ्याशी लोखंडाचा अणू आहे, आणि हा वायू त्यालाही जाऊन चिकटला म्हणून तो दिसला. यकृताचा हा कारागीर परक्या तेलकट द्रव्यात प्राणवायूचा अणू घुसवतो, मग दुसरे एंझाइम त्याला पाण्यात विरघळणारी पुस्ती जोडतात, आणि मूत्रपिंडे किंवा पित्त त्याला बाहेर नेतात.

इंग्लंडमधील आर. टी. विल्यम्स यांनी १९४७ मध्ये ह्या सगळ्या व्यापारावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात 'विषनिवारण' हा शब्द होता. शब्द आशावादी आहे. यकृत विष निवारते हे पुष्कळदा खरे. पण नेहमी नाही, आणि ते का नाही हे कळायला पुन्हा दगडी कोळशाकडेच जावे लागते.

भिलाईच्या झोतभट्टीला जो कोक लागतो, तो कोक भट्ट्यांच्या रांगांत तयार होतो. दगडी कोळसा हवाबंद कप्प्यांत हजार अंशांहून अधिक तापवतात. वायू, डांबर, बेंझॉल, नॅप्थलीन हे सारे उडून जाते आणि कोक उरतो. कप्पे हवाबंद असावेत अशी अपेक्षा असते. पण कोळसा भरताना वरची झाकणे आणि कोक ढकलताना बाजूची दारे उघडावीच लागतात, आणि फटींतून पिवळट धूर सुटतो. त्या धुराच्या पोटात डांबराचे सूक्ष्म कण असतात. ते काय करतात याची पहिली वार्ता १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने दिली होती : धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणकोशाचा कर्करोग होतो, आणि कारण काजळी. १९१५ मध्ये जपानी संशोधक यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनला केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबराच्या राळेपासून आरंभ करून अखेर चिमूटभर स्फटिक वेगळे केले, ते बेंझोपायरीन.

गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, पण बेंझोपायरीन स्वतः फारसे काही करत नाही. तेलकट, सुस्त असे ते द्रव्य. देहात आल्यावर पी-४५० त्याला बाहेर काढण्यासाठी प्राणवायू जोडतो, पाणी जोडले जाते, पुन्हा प्राणवायू जोडला जातो; आणि ह्या खटाटोपात मध्येच एक रूप असे निपजते की ते पेशीच्या आनुवंशिक धाग्यालाच जाऊन डसते. हे १९७४ मध्ये सिम्स, ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. चोराला हाकलण्यासाठी पहारेकऱ्याने त्याच्या हातात सुरी द्यावी, तसा हा प्रकार.

त्याआधीच, १९७१ मध्ये, अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसराच्या पोलाद कामगारांच्या नोंदी लॉइड यांनी चाळल्या होत्या. कोक भट्ट्यांच्या माथ्यावर पाच वा अधिक वर्षे पूर्ण वेळ राबलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण इतर पोलाद कामगारांच्या सुमारे दसपट निघाले. कारखाना तोच, गाव तेच. फरक कुठे उभे राहून काम केले एवढाच.

मग आत किती गेले हे मोजायचे कसे? हवा मोजणे सोपे, पण हवा म्हणजे माणूस नव्हे. १९८० नंतरच्या दशकात नेदरलंडमध्ये एक युक्ती निघाली. डांबराच्या धुरात बेंझोपायरीनबरोबर त्याचा पायरीन नावाचा निरुपद्रवी भाऊ नेहमी असतो. यकृत त्याला हायड्रॉक्सिपायरीन करून मूत्रातून बाहेर टाकते. ते मोजले की भावाचाही अंदाज येतो. कोक भट्ट्यांच्या कामगारांवर ही परीक्षा केल्यावर एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. नाकातोंडावर मुखवटा लावूनही आकडे पुरेसे उतरेनात. कारण डांबराचा मोठा हिस्सा श्वासातून नव्हे, कातडीतून जात होता. मानेवरून, मनगटांवरून, घामाने भिजलेल्या आणि डांबराने माखलेल्या कपड्यांतून. मुखवट्याच्या आतला माणूस सुरक्षित आहे असे आपण समजत होतो, आणि दार मागून उघडे होते. कामाचे कपडे घरी नेऊन घरच्या बायकांनी धुवावेत ही रीत कारखान्यांच्या गावांतून जुनी आहे. ते कपडे कारखान्यातच उतरावेत, तिथेच धुतले जावेत आणि कामगाराने घरी जाण्यापूर्वी अंग धुवावे, ह्या साध्या नियमाचे मोल मुखवट्याहून कमी नाही, असे माझे मत आहे.

मूत्राचा हा नमुना आठवड्याची पहिली पाळी सुरू होण्याआधी घेतला तर पुरेसे काही सांगत नाही. हायड्रॉक्सिपायरीन सुमारे अठरा तासांत निम्मे उरते. सुटीच्या दिवसानंतर ते बरेचसे निघून गेलेले असते आणि कागद जवळजवळ कोरा दिसतो. नमुना घ्यावा तो आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर, आणि तो कायम नोकरांइतकाच कंत्राटी माणसाचाही घ्यावा, जो आज इथल्या भट्टीवर असतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराबरोबर दुसऱ्या गावी. डांबराने धाग्यावर केलेली जखम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. तेव्हा तो माणूस आपल्या खेड्यात परतलेला असतो, आणि तिथल्या दवाखान्यात त्याला कोणी विचारत नाही की तरुणपणी तू कुठे उभा होतास.